सकाळची शांतता ११ वाजता कुठे जाते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, तुम्हाला आसनांची यादी हवी आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की दुखणं वेगळंच आहे. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. वय ३६, बडोद्यात मांजलपूरला घर, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात डिस्पॅचचं, म्हणजे माल रवाना करायचं काम. गेली दोन वर्षं रोज पावणेसहाला उठून ४० मिनिटं योग: १२ सूर्यनमस्कार, आठ-दहा आसनं, मग अनुलोम-विलोम. आंघोळ करून निघेपर्यंत मन शांत. ११ च्या सुमाराला 'माल अजून पोहोचला नाही' म्हणून गिऱ्हाइकाचा पहिला फोन येतो आणि सगळं मुसळ केरात. दुपारी हाताखालच्या पोरांवर आरडाओरडा, संध्याकाळी डोकं जड. बायको म्हणते, "सकाळचे तुम्ही आणि संध्याकाळचे तुम्ही, एकदा दोघांची ओळख करून द्यायला हवी." (त्यांना माझा नमस्कार सांगा.) शेवटी तुम्ही विचारलंय की वेळ वाढवून एक तास करू, का योग सोडून जिम लावू, आणि ऑफिसात खुर्चीवर करता येईल असं काही आहे का.

मला वाटतं, तुम्ही शांततेला गच्चीवरची टाकी समजताय. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की भरून घ्यायची आणि दिवसभर नळ सोडायचा. ११ वाजताच ती रिकामी होते, म्हणून आता मोठी टाकी बसवू का, असा तुमचा सवाल आहे. पण शांतता साठत नाही. आसनानंतर जे बरं वाटतं तो त्या वेळेचा परिणाम असतो. तास-दीड तासात तो ओसरतो, माझाही ओसरतो. सतरंजीवरून कामावर नेता येते ती गोष्ट निराळी आहे. आपण कुठे गरजेपेक्षा जास्त जोर लावतोय ते ओळखायचं आणि तेवढाच जोर सोडायचा, ही सवय. ती साठवावी लागत नाही. ११ वाजता हवी असेल तर ११ वाजताच करावी लागते.

मी हे कुठल्या अधिकारानं सांगतेय ते सांगते. एका सरकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी काउंटरवर. २००३ पासून दांडिया बाजारात सकाळचा वर्ग घेते. म्हणजे १६ वर्षं मी सकाळी सातपर्यंत 'श्वास सोडा, खांदे सैल' म्हणत होते आणि दहापासून लोकांचे चेक वटवत होते. तुमचे सकाळचे आणि संध्याकाळचे जे दोघं आहेत, ते माझ्याही घरी बरीच वर्षं राहून गेलेत.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगून टाकते, म्हणजे नंतर 'मला लागू पडलं नाही' असं व्हायला नको. तुम्ही झोपता किती वाजता ते लिहिलं नाहीत. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पावणेसहाला गजर असेल, तर ११ वाजताचा राग हा झोपेचा राग आहे. त्याला साडेदहाला दिवा मालवणं हेच औषध. मग योग पंधरा मिनिटं झाला तरी चालेल. दुसरं, संध्याकाळी डोकं जड होतं ते मी सरळ 'ताण' म्हणून खपवणार नाही. डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घ्या, चष्म्याचा नंबरही बघा. तिसरं, साहेब कसे आहेत आणि दोन माणसांचं काम तुमच्या एकट्याच्या गळ्यात आहे का, याचं उत्तर कुठल्याच आसनात नाही. त्यावर पुढे बोलते.

आता मूळ मुद्दा. आमचे योगाचे सर (आता नाहीत) फार कमी बोलायचे. मी नवीन असताना पश्चिमोत्तानासनात कपाळाला आठ्या घालून, दात आवळून गुडघ्याकडे डोकं नेत असे. सर शेजारून जाताना म्हणाले, "चेहरा या आसनात नाहीये. त्याला घरी जाऊ दे." मी हसले, आणि हसताना दोन बोटं आणखी पुढे गेले. मांडीमागचे स्नायू ताणायला दात आवळायची गरजच नव्हती. तो जोर मी उगाच लावत होते, आणि तो लावतेय हे मला ठाऊकही नव्हतं.

योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी आसनाबद्दल तीनच सूत्रं दिली आहेत. पहिलं सगळ्यांना पाठ असतं: स्थिरसुखमासनम्. लगेच पुढचं सूत्र मात्र कुणी म्हणत नाही; त्यात 'प्रयत्नशैथिल्य' असा शब्द आहे. आसन साधायचं तर प्रयत्न सैल करायचा. त्यात अनंताशी एकरूप होण्याची गोष्टही आहे, ती तुम्ही-मी तूर्त बाजूला ठेवू. माझं काम या एका शब्दावर भागलं. शैथिल्य म्हणजे ढिलेपणा नाही, हे एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात कळतं. उभा पाय काम करतोच. तो सैल सोडलात तर पडाल. पण कानापर्यंत वर चढलेले खांदे, रोखलेला श्वास, वटारलेले डोळे यांनी तुम्हाला कणभरही उभं धरलेलं नसतं. खांदे खाली आणले तरी तुम्ही पडत नाही. उलट कमी डुलता.

हाच उभा पाय आणि हेच खांदे तुमच्या ११ च्या फोनमध्ये शोधा. गिऱ्हाईक ओरडतोय, गाडी कुठे आहे? तुमच्या कामाचा उभा पाय काय? गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, शेवटी कुठून फोन आला होता, पोहोचायला किती तास. ट्रान्सपोर्टवाल्याला ठणकावून सांगायचं असेल तर तेही उभ्या पायातच आलं. सांगा, खणखणीत सांगा. आणि खांदे कुठले? 'हे नेहमी माझ्याच वाट्याला.' 'साहेब आता सगळ्यांसमोर बोलणार.' 'त्या नव्या पोराला कालच सांगितलं होतं.' यातल्या एकाही वाक्यानं गाडी मीटरभर पुढे सरकत नाही. पण दिवसाच्या थकव्यातला मोठा हिस्सा यांचाच असतो, हे मी माझ्यावरून सांगते. बँकेत १०० माणसं हाताळून मी जितकी दमायचे, त्याहून जास्त त्यातल्या चारांशी मनातल्या मनात भांडून दमायचे.

शरीरातही हेच चालतं, आणि सुरुवात शरीरापासूनच करावी, कारण मन पकडायला फार निसरडं असतं. माझ्या वर्गात एक मुलगी येते, अलकापुरीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिला मी एकच सांगितलं: संगणकावर असताना पायाची बोटं बघ. आठ दिवसांनी ती म्हणाली, "काकू, मी टाइप करताना बोटं इतकी आवळते की चप्पल निसटते." दिवसाचे आठ तास ती पायाच्या बोटांनी टाइप करत होती! कुणी पोट आत ओढून धरतं, कुणी जीभ टाळूला दाबतं, कुणी फोन खांद्यात धरून मान वाकडी करतं. मेल वाचताना श्वास रोखणारे तर शेकड्यानं आहेत.

म्हणून पहिला आठवडा तुम्ही काहीच सुधारू नका. फोन वाजला की फक्त बघा, कुठे आवळलं जातंय. घरी गेल्यावर कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात एक अक्षर लिहा: दातांना 'द', पोटाला 'प', श्वासाला 'श्व'. शनिवारपर्यंत तुमची खास जागा सापडेल. प्रत्येकाची एखाद-दुसरीच असते. माझी उजव्या हाताच्या अंगठ्यात निघाली. ती कशी सापडली ते सांगते, कारण त्यात माझी चांगलीच फजिती आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली. ९ ला बँका बंद होत्या, १० ला उघडल्या. सकाळी वर्ग घेऊन मी नेहमीसारखी 'टाकी भरून' बँकेत पोहोचले, तर रांग दारातून बाहेर, पुढे कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्याला वळसा घालून गेलेली. माणशी ४,००० रुपये बदलून द्यायचे, फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, नोटा मोजणं, खोटी बघणं. तेरा वर्षं योग शिकवणारी ही बाई साडेबारा वाजता एका आजोबांवर इतकी ओरडली की शेजारच्या काउंटरवरचा माणूस मोजणी विसरला. आजोबांचा अपराध एवढाच, की झेरॉक्स आणली नव्हती. ते काही बोलले नाहीत. रांगेतला मागचा कुणीतरी म्हणाला, "बेन, शांति राखो." माझा हात थरथरत होता. पतंजलींनी मन विस्कटल्याच्या खुणांमध्ये अंग कापणं आणि श्वास बिघडणं दोन्ही सांगितलंय. मी ते वर्गात कितीदा समजावलं होतं, आणि इथे माझ्याच अंगावर दोन्ही खुणा असून मला दिसल्या नाहीत.

रात्री पोळ्या लाटताना अंगठा दुखून आला तेव्हा कळलं. प्रत्येक नोट मी चोर पकडल्यासारखी दाबत होते. नोट मोजायला किती जोर लागतो? पिसाएवढा.

दुसऱ्या दिवशी मी एकच गोष्ट केली. एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं पुढे आलं, या मधल्या वेळात दोन्ही तळवे काउंटरवर सपाट ठेवायचे आणि एक श्वास पूर्ण सोडायचा. तीन सेकंद, फार तर चार. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यामुळे मला शांत वाटलं असं म्हणणार नाही. ते दिवस शांत वाटायचे नव्हतेच. पण संध्याकाळी अंगठा दुखला नाही, आवाज बसला नाही, आणि दिवसभरात मी दोनदाच चिडले. ते आजोबा झेरॉक्स घेऊन परत आले तेव्हा मी माफी मागितली. ते म्हणाले, "त्यानंतर तुम्ही किती जणांना ओरडलात?" खरं उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

हे मी कुठून उचललं? आसन सोडण्यावरून. आमच्या पद्धतीत आसनाचे तीन भाग: आसन घेणं, त्यात स्थिर राहणं, आणि आसन सोडणं. सरांचा नियम होता की घ्यायला जितका वेळ लागला तितकाच सोडायला लागला पाहिजे. हलासनातून पाय धाडकन टाकलेत तर पाठ पुढची दोन आसनं कुरकुरत राहते, मग ती आसनं कितीही चांगली घ्या. नोकरीत आपण आसनं घेतो, टिकवतो, पण सोडत नाही. एक फोन ठेवता ठेवता दुसरा उचलतो, पहिल्यातला जोर दुसऱ्यात तसाच. दुपारी ज्या पोरावर तुम्ही ओरडता त्याचा दोष बहुधा दोन आण्यांचा असतो. बाकीचे चौदा आणे ११ च्या गिऱ्हाइकाचे.

आणि आता तुमच्या यादीकडे परत या. १२ सूर्यनमस्कार, आठ-दहा आसनं, अनुलोम-विलोम. शवासन कुठाय? तुम्ही लिहायचं विसरला असाल तर उत्तम. पण तुम्ही ते करतच नसाल अशी मला दाट शंका आहे, कारण नोकरी करणारे बहुतेक जण तिथेच वेळ वाचवतात. माझ्या वर्गातही शवासन सुरू झालं की कुणाच्या तरी घरचा कुकर होतो, कुणाची बस निघते. ४० मिनिटं कमावलेला सैलपणा ओळखायची वेळ आली की आपण उठून किल्ली शोधतो. शवासनात एकेक भाग मनानं बघत तो सैल करायचा असतो. ११ वाजता तुम्हाला नेमकं तेच करायचंय, फक्त बसल्या जागी आणि तीन सेकंदांत. रोज सकाळी दहा मिनिटं त्याचा सराव नसेल तर फोनवर ते कुठून येणार? तेव्हा वेळ वाढवू नका. ४० मिनिटंच ठेवा, सूर्यनमस्कार सहा करा, आसनं पाच-सहाच घ्या, पण सावकाश सोडा, आणि शेवटी दहा मिनिटं आडवे पडा. घोरलात तर झोप कमी पडतेय हेही त्यात कळेल.

एक तासाचा मोह का नको, याचं मोठं उदाहरण आपल्याच गावचं आहे. योगी अरविंद १८९३ ते १९०६ बडोदे सरकारच्या नोकरीत होते. आधी सरकारी खात्यांत, मग कॉलेजात. दांडिया बाजारातलं अरविंद निवास तुम्ही बाहेरून तरी पाहिलं असेल. इथे असताना ते रोज कित्येक तास प्राणायाम करायचे. पुढे राजकारणाचा व्याप वाढला, प्राणायाम अनियमित झाला, आणि ते गंभीर आजारी पडले; हे त्यांनीच नंतर सांगून ठेवलंय. एवढ्या माणसाची ही गत, तर तुम्ही उत्साहात तास धराल आणि मार्च एंडिंगला सगळंच सोडाल याची मला भीती वाटते. सूत्रातही अभ्यास दीर्घकाळ आणि खंड न पडता करायला सांगितलाय. रोज किती मिनिटं, ते सांगितलेलं नाही.

त्यांचीच दुसरी गोष्ट मला कामाच्या दृष्टीनं जास्त उपयोगी वाटते. जानेवारी १९०८ मध्ये ते बडोद्याला आले असताना विष्णु भास्कर लेले नावाचे मराठी योगी ग्वाल्हेरहून इथे आले. सरदार मुजुमदारांच्या वाड्यातल्या एका खोलीत दोघं तीन दिवस बसले, आणि अरविंदांचं मन पार निःशब्द झालं. लगेच मुंबईला भाषण होतं. मनात एक विचार नाही, बोलणार काय? लेले म्हणाले, सभेला नमस्कार कर आणि थांब, बोलणं येईल. आणि आलं. तुम्हाला तीन दिवसांची खोली मिळणार नाही, तुमच्यापुढे डिस्पॅचचा फळा आहे. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांचं वाक्य संपायच्या आत तुमचं उत्तर तोंडात तयार असतं ना? तिथे नमस्काराएवढं थांबून बघा. साहेबांनी अर्धा प्रश्न मागे घेतलेलाही मी पाहिलाय, समोरचा गप्प आहे एवढ्यावरून. रागाच्या मेलचंही तेच. लिहा, पण पाठवू नका; एक चक्कर मारून या आणि मग त्यातली खांद्यांची वाक्यं खोडा. उभ्या पायाच्या तीन-चार ओळी उरतात.

श्वास सोडण्यावरच मी एवढी का अडून बसलेय, हे विचाराल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती जरा जलद चालते, सोडताना मंदावते. संथ श्वासावर असलात तर फरक बोटांना सहज कळतो. म्हणून सोडणं लांबवायचं: घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. असे श्वास मिनिटाला सहा होतात. एरवी बसल्या बसल्या आपले बारा ते अठरा असतात. मोठ्ठा श्वास घेऊ नका. 'डीप ब्रीदिंग' म्हणत भाता चालवणाऱ्यांना चक्कर येते आणि मग ते योगाला नावं ठेवतात. बीपी निघालं तर श्वास रोखून धरायचा प्रकार अजिबात नको. आणि डोळे मिटायचे नाहीत, विशेषतः लोडिंगच्या जागी. मागून फोर्कलिफ्ट येत असताना ध्यान लावणाऱ्याला मी योगी म्हणणार नाही.

हे तपासून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचीही परंपरा इथलीच आहे. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे तयार झाले, मग नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, पण त्याआधी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत नेमकं काय होतं ते मोजून बघितलं होतं. गुरूंवर श्रद्धा होती, तरी उपकरण लावलं. आपल्याकडे नाडी आहे, कालनिर्णय आहे, आणि तुमच्याकडे तर स्पष्टवक्त्या बायकोही आहे. तीन आठवड्यांनी त्यांनाच विचारा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: पहिला आठवडा फक्त बघणं, दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक फोननंतर तळवे टेबलावर आणि एक लांब श्वास बाहेर, सकाळी शवासन. एवढंच. दहा गोष्टी एकदम सुरू करणं हाही जास्तीचाच जोर.

आता तो राहिलेला मुद्दा. तुमच्या खात्यात दोघांचं काम एकावर असेल, रविवारीही फोन चालू ठेवावा लागत असेल, साहेब आईबहिणीवरून बोलत असतील, तर ती गोष्ट खांद्यांची नाही, उभ्या पायाची आहे. तिथे सैल सोडायचं नसतं, पाय रोवायचा असतो. आठवडाभर किती गाड्या, किती फोन, किती वाजता घरी, हे लिहून काढा आणि शांतपणे लेखी द्या. सूत्रांत दुष्टपणाशी वागताना 'उपेक्षा' सांगितलीय. लोक तिचा अर्थ निमूट सोसणं असा करतात. मी असा करते: त्याच्या बोलण्यात माझ्या पदरचं तिखट घालायचं नाही, पण जे नोंदवायचं ते नोंदवायचं. आणि २१ जूनला छापील टी-शर्ट वाटून सगळ्यांना ताडासनात उभं करणारे मालक वर्षभर रिकामी जागा भरत नसतील, तर त्या ताडासनाबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

घराचंही सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खरं वाक्य बायकोचंच वाटलं. मकरपुऱ्याहून मांजलपूर म्हणजे स्कूटरवर पंधरा मिनिटं. ऑफिसचं आसन सोडायला ती पुरत नाहीत, त्यात वाटेत ट्रॅफिक. खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावली की लगेच जिना चढू नका. हेल्मेट काढा, आणि हातात धरून दहा श्वास तिथेच उभे राहा. मी बँकेतून आल्यावर हे तुळशीपाशी करायचे. शेजारणीला वाटायचं मी फार भाविक आहे. जिना चढताना फोन खिशात. दार उघडल्यावर पहिलं वाक्य ऑफिसबद्दल नको.

जिमबद्दल: जरूर लावा, पण योग सोडून नको. आठवड्यात दोन-तीनदा वजनं उचललीत तर पाठीला बरंच. फक्त तिथेही चेहऱ्यानं वजन उचलू नका.

आणि खुर्चीवरचं तुम्ही विचारलंत ते. खुर्चीवर फारसं काही करू नका, खुर्चीतून उठा. दर तासाला एकदा टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवून दोन पावलं मागे जा आणि कमरेतून वाका, पाठ टेबलासारखी सपाट, पाच श्वास. टेबल चाकांचं नसल्याची खात्री करून घ्या, एकाचं होतं. मान गरागरा फिरवू नका. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, बस्स. डोळ्यांसाठी खिडकीतून लांबचं झाड बघा. आणि दुपारचा चहा जागेवर मागवू नका. टपरीपर्यंत चालत जा, फोन टेबलावर ठेवून. मकरपुऱ्यात टपऱ्यांना तोटा नाही.